वाचकांचे प्रश्न : उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावरची ओळ

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातला एक विद्यार्थी गेल्या वर्षी प्रयोगशाळेत सर्वांत आधी हजर असे. या सत्रात त्याची हजेरी निम्म्यावर आली आहे, जर्नल अपुरे आहे आणि अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शेवटच्या पानावर त्याने ‘मॅडम, माझ्याकडून आता काहीच होत नाही’ असे लिहिले आहे. मी त्याची मेंटॉर, म्हणजे नेमून दिलेली मार्गदर्शक शिक्षिका, आहे, पण समुपदेशनाचे शिक्षण मी घेतलेले नाही आणि महाविद्यालयात समुपदेशकही नाही. त्याच्याशी काय बोलावे, त्याला कोणाकडे पाठवावे आणि घरी कळवावे का?
— एक प्राध्यापिका

उत्तर : ती ओळ वाचून आपण गठ्ठा बाजूला ठेवला नाहीत, हे फार चांगले झाले. पेपर कोण तपासणार हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. म्हणजे त्याने ते आपल्यालाच सांगितले आहे. त्यामुळे पुढच्या मेंटॉर-मेंटी बैठकीची वाट न पाहता उद्याच त्याला भेटा. स्टाफरूममध्ये सहकाऱ्यांसमोर बोलावू नका; प्रात्यक्षिक संपून मुले पांगली की प्रयोगशाळेतच शेजारी बसून बोला. ‘तुला काय झालंय?’ असे विचारले की बहुतेक मुले ‘काही नाही, मॅडम’ म्हणून मोकळी होतात. त्याऐवजी आपल्याला जे दिसले ते सांगा : ‘तू प्रात्यक्षिकांना येत नाहीस, आणि शेवटच्या पानावरचं मी वाचलं. तेव्हापासून तुझी काळजी वाटते आहे.’ मग थांबा. ती शांतता जड जाते आणि आपण शिक्षक ती उपदेशाने भरून टाकतो. मीही कित्येक वर्षे तेच करत होते.

त्याच्या बोलण्यात जगणे नकोसे झाल्याचा सूर जाणवला, तर ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका. त्याच्यासमोरच टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावा. २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. त्यानंतर मनोविकारतज्ज्ञ असलेल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात त्याच्यासोबत कोणीतरी गेलेच पाहिजे. अशा प्रसंगी घरी कळवावे लागते, मात्र घरातल्या कोणाला सांगायचे हे त्यालाच विचारा, कारण कधीकधी दुखणे घरातूनच सुरू झालेले असते. म्हणूनच ‘कोणालाही सांगणार नाही’ असा शब्द आधी देऊ नये. ‘तुझ्या जिवाला धोका वाटला तरच, आणि तुला सांगूनच, मी दुसऱ्या कोणाशी बोलेन’ एवढे म्हणावे. तसा धोका नसेल, तर सज्ञान मुलाच्या संमतीशिवाय घरी फोन करू नये.

माझ्या अनुभवात मात्र मूळ बऱ्याचदा साध्या, पण त्या मुलाला न पेलणाऱ्या अडचणीत असते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनवर पडून असतो किंवा बँक खाते आधारशी जोडलेले नसते. पैसे येत नाहीत, खोलीचे भाडे थकते, मुलगा रात्रपाळीला लागतो, सकाळची प्रात्यक्षिके बुडतात आणि पाहता पाहता हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते. मग शिक्षकांना तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून उरलेले तासही सुटतात. अशा मुलाला आधी कार्यालयातल्या लिपिकांची गरज असते. ‘ऑफिसमध्ये जाऊन विचार’ एवढ्याने तो जाणार नाही, कारण त्या खिडकीवरून तो कदाचित एकदा हात हलवत परत आलेला असेल. आपण सोबत जा, लिपिकांशी त्याची गाठ घालून द्या आणि अर्ज कुठे अडला आहे ते तिथेच पाहून घ्या. महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजना चालत असेल, तर रात्रपाळी सोडण्याचा मार्गही त्यातून निघू शकतो. जर्नल एकदम मागू नका. आठवड्याला दोन प्रयोग लिहून आणायला सांगा. ते तपासण्याच्या निमित्ताने दर आठवड्याला त्याची भेट होईल आणि चौकशी केल्यासारखे त्याला वाटणार नाही.

समुपदेशकाबाबत प्राचार्यांना लेखी पत्र द्या. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे, आणि शिक्षकांना व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याविषयीचे प्रशिक्षण द्यायचे आहे. आपण प्रशिक्षण घेतलेले नाही असे लिहिलेत. ते देण्याची जबाबदारी संस्थेची आहे, हेही पत्रात नमूद करा. त्या पत्रात विद्यार्थ्याचे नाव, वर्ग किंवा उत्तरपत्रिकेतले वाक्य मात्र येऊ देऊ नका.