ग्रीक देवांनी मुलगा पळवला?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला पर्सी जॅक्सनच्या पुस्तकांनी पछाडलंय. झ्यूस, पोसायडन, हेडीस यांची सगळी नातीगोती तोंडपाठ, पण अर्जुन कोणाचा मुलगा विचारलं तर खांदे उडवतो. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, "पोरगा आपले देव विसरला." पुस्तकं बंद करावीत का? एरवी तो दुसरं काही वाचतच नाही, वाचायला बसवलं की रडकुंडीला येतो. शाळेने वाचनात काही अडचण आहे का याची तपासणी करून घ्या म्हणून सुचवलंय, पण ह्यांचं म्हणणं, आमच्या घराण्यात असलं काही नाही.

उत्तर: बंद तर मुळीच करू नका. आणि सासूबाईंच्या आधी मी तुमचं शेवटचं वाक्य घेते, कारण खरा प्रश्न तिथे आहे.

या मालिकेचं पहिलं पुस्तक 'द लाइटनिंग थीफ' २००५ मध्ये आलं. लेखक रिक रायर्डन हे टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचे, तेव्हा पेशाने शिक्षक. त्यांच्या मुलाला डिस्लेक्सिया (अक्षरं-शब्द वाचायला जड जाणं) आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ) असल्याचं निदान झालं होतं. त्याला वाचन नको असायचं, ग्रीक गोष्टी मात्र आवडायच्या. बाबा रात्री त्या सांगत. सांगण्याजोग्या गोष्टी संपल्या, तेव्हा मुलगा म्हणाला, नवी रचून सांगा. त्यातून पर्सी आला.

म्हणून हा बारा वर्षांचा नायक सहा वर्षांत सहा शाळा पाहिलेला आहे. कागदावरची अक्षरं त्याच्या डोळ्यांसमोर नाचतात, वर्गात त्याला स्वस्थ बसवत नाही. पुढे त्याला कळतं की आपण पोसायडनचे, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाचे पुत्र. अक्षरं नाचतात कारण मेंदू प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडलाय, आणि चुळबुळ ही रणांगणावर जीव वाचवणारी चपळाई आहे. शास्त्र म्हणून हे अर्थातच खोटं. पण ज्या मुलाला रोज वर्गात मोठ्याने वाचायचा धसका वाटतो, त्याने हे वाचलं की त्याला काय वाटत असेल, विचार करा. तुमच्या मुलाला झ्यूसने नव्हे, बहुधा पर्सीनेच धरून ठेवलंय.

त्याला डिस्लेक्सिया आहेच, असं मी इथे बसून म्हणणार नाही. ते तपासणीतच कळेल. तुम्ही अमेरिकेत आहात, तेव्हा सरकारी शाळेकडे पालक लेखी मागणी करू शकतात आणि शाळेने केलेल्या तपासणीला पैसे पडत नाहीत. तुमच्या संमतीशिवाय ती होत नाही, त्यामुळे ह्यांच्याशी बोलणं टाळू नका. डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नाही आणि नीट शिकवलं तर वाचन सुधारतं, एवढं त्यांना सांगा. 'घराण्यात नाही' याचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की घराण्यात कुणी तपासलं नाही. आमच्या पिढीत अशा मुलाला सरळ 'ढ' म्हणून मोकळे व्हायचे.

कुणी म्हणेल, घरी मराठी बोलता म्हणून गोंधळतोय. हे ऐकू नका. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. बाराखडीचा तगादा मात्र सध्या थांबवा, मराठी कानावर पडू द्या.

आता देवांचं. रागीट, लहरी, मुलांकडे पाठ फिरवणारे देव त्याला आवडतात. आपल्याकडे ते कमी आहेत थोडेच! आपण तात्पर्याची साखर लावून गोष्ट सांगतो आणि मग मुलं जांभया देतात. एका रात्री त्याला कर्ण सांगा, पण नदीत सोडलेल्या पेटीपासून नको. वनपर्वातून सुरू करा: सूर्य मुलाच्या स्वप्नात येतो आणि सांगतो, इंद्र ब्राह्मणाच्या वेषात कवचकुंडलं मागायला येईल, देऊ नकोस. कधी न भेटलेला बाप असा येतो, आणि मुलगा त्याचं ऐकत नाही. इथे थांबा. का ऐकलं नाही ते त्याला सांगू दे. पर्सीचा आणि पोसायडनचा हिशेब त्याला पाठ आहे, त्याला बोलायला पुष्कळ असेल.

सासूबाईंना परीक्षक नका करू, श्रोता करा. नातू मोडक्यातोडक्या मराठीत सांगेल की देवांच्या राजाची वीज चोरीला गेली आणि आळ समुद्रदेवाच्या पोरावर आला. आजी नक्की विचारतील, "म्हणजे इंद्राचं वज्रच की रे?" नजरेने माणसाचा दगड करणारी राक्षसी मेडुसा न्यू जर्सीत बागेतले पुतळे विकते, हे तुमच्याच राज्यातलं प्रकरणही त्यांना ऐकवू दे. फक्त एक फरक त्याला समजावा: झ्यूसची आरती आज घरोघरी होत नाही, गणपतीची होते. थट्टा दोन्हीकडे चालते, आपल्याकडे तर कीर्तनातही चालते, पण समोर हात जोडून बसलेल्या आजीचा मान राखायचा.

पुढे रायर्डन यांच्या नावाने निघणाऱ्या मालिकेत रोशनी चोक्शी यांची अरू शाहची पुस्तकं आहेत, २०१८ पासूनची. त्यात पांडवांचा वारसा अटलांटातल्या एका मुलीकडे येतो. हवी तर आणा, पण 'ते सोड, हे वाच' असं म्हणून पुढे केलीत तर ती उघडलीही जाणार नाहीत. पर्सीची पहिली पाच पुस्तकं क्रमाने होऊ द्या, आणि डोळे थकले की ऑडिओबुक लावू द्या. ह्यांनाही गाडीत तेच ऐकवा, निदान पहिलं प्रकरण.