पणजोबांचं बुद्धिबळ

प्रश्न : आमचे आजोबा नव्वदीच्या घरात आहेत. दुपारचं जेवण झालं की बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीवर) लाल कापडाचा पट पसरून बुद्धिबळाला बसतात. पटावरची सगळी घरं एकाच रंगाची आहेत, काही घरांवर दोऱ्याच्या फुल्या आहेत. त्यांचं प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जातं, आणि राजा डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरं घेतो. माझा मुलगा बुद्धिबळाच्या क्लासला जातो. तो म्हणतो, पणजोबा खोटं खेळतात. शेजारचे एक काका सांगतात की हा खेळ मंदोदरीने काढला, दुसरे म्हणतात पोर्तुगिजांनी आणला. खरं काय?
(एक वाचक, डिचोली)

उत्तर : मुलाला आधी सांगा, पणजोबा अजिबात खोटं खेळत नाहीत. ते देशी बुद्धिबळ खेळतात. मी फोंड्याला शाळेत गणित शिकवायचो आणि शनिवारी तास संपल्यावर मुलांना पट मांडून द्यायचो. शिरोडा, सावईवेरे भागातली मुलं घरून नेमके हेच नियम घेऊन यायची. त्यांना स्पर्धेचे नियम शिकवावेच लागत, पण घरचा खेळ विसरा असं मी कुणालाही सांगितलं नाही. पंजाबचा मीर सुलतान खान याच नियमांवर वाढला. युरोपीय नियम तो विशीत शिकला, आणि 1929, 1932 आणि 1933 साली ब्रिटनचं अजिंक्यपद त्याने जिंकलं. देशी खेळ कच्चा असता तर हे झालं असतं का?

मंदोदरीची गोष्ट जुनी आहे. लंकेला वेढा पडलेला असताना रावणाचं मन रमावं म्हणून त्याच्या राणीने हा खेळ काढला, असं विल्यम जोन्स यांनी 1790 साली छापलेल्या लेखात नोंदवलं आहे. वाल्मीकिरामायणात मात्र ही गोष्ट कुठेच नाही. गोष्ट म्हणून नातवंडांना जरूर सांगा, इतिहास म्हणून नको. महाभारतातला द्यूतही वेगळा, तो फाशांचा.

या खेळाला एक असा जनक नाही. तो उत्तर हिंदुस्थानात, साधारण सहाव्या शतकाच्या आसपास आकाराला आला असावा. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात हर्षाच्या राज्यातली शांतता वर्णन करताना म्हटलं आहे की चतुरंगाची रचना तिथे फक्त अष्टापदावरच होते. चतुरंग म्हणजे चार अंगांचं सैन्य, आणि बुद्धिबळाचं जुनं नावही तेच; अष्टापद म्हणजे आठ गुणिले आठ घरांचा पट. हा पट चतुरंगाच्याही आधीचा आहे, त्यावर फासे टाकून सोंगट्या पळवायचा खेळ चालत असे. आता आजोबांच्या कापडावरच्या फुल्या नीट बघा. बहुधा त्या कोपऱ्यांवर, कडांच्या मधल्या घरांवर आणि पटाच्या ऐन मध्यावर असतील. बुद्धिबळात त्यांचा काडीचाही उपयोग नाही. या फुल्या त्या जुन्या फाशांच्या खेळातून उरल्या, असं अभ्यासक मानतात. खेळ बदलला, पण पट शिवणारे हात फुल्या घालतच राहिले. म्हणून सांगतो, तो कापडी पट कृपा करून टाकू नका, इस्त्रीही करू नका.

इथून खेळ इराणात गेला. हिंदुस्थानच्या राजाने तो कोडं म्हणून इराणच्या खुस्रो अनुशिरवान बादशहाकडे पाठवला आणि त्याच्या वजिराने ते सोडवलं, अशी कथा पहलवी भाषेतल्या एका छोट्या ग्रंथात आहे. समरकंदजवळ 1977 साली सात हस्तिदंती सोंगट्या सापडल्या, त्या सातव्या-आठव्या शतकातल्या धरतात. पुढे अरबांनी तो स्पेनपर्यंत नेला.

त्या जुन्या खेळात वजीर तिरका एकच घर सरकत असे. आज जिथे उंट उभा असतो तिथला मोहरा तिरकी दोन घरं उडी मारायचा. मुलाला वहीवर चौकटी आखून हे करून बघायला सांगा : या मोहऱ्याला अख्ख्या पटावर मिळून आठच घरं गाठता येतात. असे चार मोहरे, दोन्ही बाजूंचे, प्रत्येकाची आठ घरं वेगळी, त्यामुळे ते एकमेकांना जन्मात मारू शकत नाहीत. मला हे फार सुंदर वाटतं. डाव संथ चालायचा, आणि घोडा-हत्ती हेच काय ते दमदार मोहरे.

वजीर आणि उंट लांब पळायला लागले ते स्पेनमध्ये, पंधराव्या शतकाच्या शेवटी. 1497 साली लुसेना यांच्या छापील पुस्तकात जुने आणि नवे दोन्ही नियम शेजारी शेजारी आहेत. 1512 साली रोममध्ये नव्या नियमांचं पुस्तक छापलं ते दामियानो यांनी, आणि हे गृहस्थ पोर्तुगालचे, ओदेमिरा गावचे औषधविक्रेते. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1510 मध्ये, पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतला होता.

मग पोर्तुगिजांनी आणला म्हणणारे बरोबर का? खेळ त्यांनी आणला नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने मानसोल्लास या ग्रंथात चतुरंगाचं वर्णन केलं आहे, आणि आपले गोव्याचे कदंब याच चालुक्यांचे मांडलिक. दख्खनेला हा खेळ पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. पण तुमच्या आजोबांचा वजीर आज पटभर धावत असेल, तर ती चाल मात्र युरोपीय लोकांबरोबर इकडे आलेली आहे. प्याद्याचं एक घर जुन्या थरातलं, वजिराची धाव नव्या थरातली, आणि दोन्ही त्यांच्या एकाच डावात नांदतात. राजाची उडी मध्ययुगात युरोपातही चालत असे. तिथे पुढे किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं) आला आणि ती मागे पडली.

स्पर्धेत मुलाने फिडेचेच, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेचेच, नियम पाळायचे, त्यात घोळ नको. घरी पणजोबांचे. आणि त्यालाच वही घेऊन त्यांच्यासमोर बसवा, तुम्ही बसू नका, त्याच्या प्रश्नांना ते जास्त खुलून उत्तरं देतील. प्यादं शेवटच्या घराला पोचलं की वजीरच होतं, की ज्या घरात गेलं त्या घराचा मोहरा होतो? शह बसलेला असताना राजाला अडीच घरं घेता येतात का? समोरचा राजा एकटाच उरला तर काय धरता? अरबी खेळात तेवढ्यावर डाव जिंकला जायचा. प्यादेमात, म्हणजे प्याद्याने मात, केली तर मान जास्त का? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि या सदराकडे पाठवा. फोंड्याच्या मुलांकडून मी जे लिहून घेतलं आहे, त्याच्याशी ताडून पाहीन.