आउटबोर्ड इंजिनची (बोटीच्या मागं बाहेरून लावलेलं) थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली, इम्पेलर (पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी पात्यांचा पंखा) घरीच बदलता येईल का? (नागपूर, बोट खिंडसी तलावाला असते)

हो, येतं, पण खोलायच्या आधी धार पडते त्या भोकात बारीक तार घालून बघा, बरेचदा तिथंच गाळ नाहीतर किड्याचं घरटं अडकलेलं असते आन् आपण उगाच अख्खं इंजिन खोलून बसतो. खिंडसीच्याच एका बोटीचं हे काम मीच करतो म्हणून सांगतो, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पंप गाळ ओढतो आन् रबराची पाती घासतात. तारेनं फरक नाही पडला तर प्लगची वायर काढून ठेवा, खालचा गिअरवाला भाग बोल्ट काढून सरळ खाली ओढा (गिअरची दांडी आधी सोडवा, नाहीतर वाकते), त्या काढलेल्या भागाच्या वर उभ्या शाफ्टवरच (इंजिनची फिरणारी दांडी) पंपाचं घर, म्हणजे झाकण, दिसेल. जुन्या इम्पेलरची पाती मोजा बाप्पा, एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा वर पाण्याच्या वाटेत गेलेला असतो, तो काढल्याशिवाय नवीन टाकून उपयोग नाही. नवीन बसवताना साबणाचं पाणी लावायचं, शाफ्ट, वरून बघितल्यावर, घड्याळाच्या दिशेनं फिरवत घर खाली दाबायचं म्हणजे पाती बरोबर वळतात, इम्पेलर शाफ्टला अडकवणारी बारीकशी चावी (धातूचा तुकडा) हरवू नका आन् गॅस्केट (जोडातली पातळ पट्टी) नवीनच टाका. चेक करायला कोरडं चालू करायचं नाही, रबर काही सेकंदांत जळते, ड्रममधे पाणी भरून चालवा. एवढं करून धार जोरात येते पण इंजिन तरी तापतेच, तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) बघा. बोट आधी समुद्रात चाललेली असेल तर मात्र बोल्ट मिठानं जाम असतात, जोर लावला की मोडतात, तेव्हा मेकॅनिकलाच द्या.