मानेत हाताला लागतं ते काय?

प्रश्न : हनुवटीखाली, घाटीच्या जरा वर, चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवता येईल असं काहीतरी टणक लागतं. दुखत नाही. ही गाठ असेल का?

उत्तर : वर्णनावरून ते हायॉइड हाड वाटतं, आणि ते प्रत्येकाच्या मानेत असतं. घोड्याच्या नालेसारखं हे हाड दुसऱ्या कुठल्याही हाडाला सांध्याने जोडलेलं नाही. स्नायू आणि अस्थिबंधांवर ते नुसतं टांगलेलं असतं, म्हणून हलतं.

पडताळून पाहायचं तर मान किंचित मागे करा आणि तर्जनी हनुवटीपासून मध्यरेषेवरून हळूहळू खाली आणा. आधी हायॉइड लागेल. मग घाटी, तिच्या वरच्या कडेला खाच असते. तिच्याखाली लहानसा मऊ खळगा आणि लगेच क्रिकॉइड कूर्चेचं टणक कडं. त्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगून थायरॉइड ग्रंथी असते. निरोगी ग्रंथी सहसा हाताला कळत नाही. ती स्वरयंत्राला बांधलेली असल्याने घोट गिळताना त्याच्यासोबत वर सरकते. म्हणून घाटीच्या खालची एखादी गाठ गिळताना वर जात असेल, तर संशय थायरॉइडवरच घ्यायचा.

घाटीच्या बाजूला ठोके लागतात ती कॅरोटिड धमनी. ती चाचपताना एका वेळी एकच बाजू, तीही हलक्या हाताने. रक्तदाबाची दखल घेणारी जागा तिथेच आहे. जोरात दाबली तर नाडी मंदावून भोवळ येऊ शकते. जबड्याखाली दोन्हीकडे सारखेच मऊ उंचवटे लागले तर त्या बहुधा लाळग्रंथी. घसा किंवा दात बिघडला की आसपासच्या लसिकाग्रंथी सुजतात, दुखतात, पण बोटाखाली सरकतात आणि पुढे ओसरतात.

टणक, न दुखणारी, जागेला चिकटलेली, वाढत जाणारी किंवा 3 आठवड्यांनंतरही न ओसरलेली गाठ मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच. सोबत आवाज बसलेला असेल किंवा घास अडकत असेल तर 3 आठवडेही थांबू नका. आणि रोज दाबून पाहणं सोडा, त्याने जागा दुखरी होते आणि तपासताना गोंधळ वाढतो.

प्रश्न : डोक्यात हाडं 22 की 29?

उत्तर : मोजणीत काय धरता त्यावर आहे. मेंदूभोवतीची 8 आणि चेहऱ्याची 14 मिळून कवटीची 22. दोन्ही कानांतली 6 इवली हाडं धरली की 28, आणि वरचं हायॉइड धरलं की 29. दात यात येत नाहीत.