मुलांना स्पर्धेसाठी कथा-कवितेऐवजी खऱ्या गोष्टींवर लिहितं कसं करावं?

तुम्ही विचारलंय, लेखनस्पर्धेचं पत्रक वर्गात लावलं की मुलं कथा नाहीतर कविता आणून देतात आणि लेखांचा गट रिकामा राहतो, याला काय करावं. मी कोल्हापुरात मराठी शिकवते. मला तरी याचं मूळ परीक्षेतल्या निबंधात दिसतं. 'लेख' म्हटलं की मुलांना प्रस्तावना, फायदे, तोटे, उपसंहार हेच आठवतं. ते हौसेनं कोण लिहील?

म्हणून मी विषय देतच नाही. घरात किंवा गल्लीत असं कोण आहे, ज्याचं काम तुम्ही रोज बघता पण तुम्हाला नीट माहीत नाही, एवढंच विचारते. मग त्या माणसाकडे पाठवते.

नववीतल्या एका मुलीच्या आजोबांचं गुऱ्हाळ आहे. तिचा पहिला खर्डा 'गूळ ही कोल्हापूरची शान' असा सुरू झाला, पुढं कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याची माहिती. सगळं बरोबर, पण ते कुणीही लिहिलं असतं. मी विचारलं, काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरवायची वेळ झाली हे गूळ करणाऱ्या गुळव्याला कसं कळतं? तिला सांगता येईना. रविवारी ती काहिलीखालच्या भट्टीजवळ, चुलवाणाजवळ, जाऊन बसली. दुसऱ्या खर्ड्यात भेंडीचं पाणी घातल्यावर वर येणारी मळी होती. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांत त्याची गोळी होते का बघणारा गुळव्या होता. शिवाय तिचा स्वतःचा प्रश्न होता: चुलवाणात उसाची चिपाडं सारणारा माणूस जेवायला उठतो तरी कधी? मानांकनाचं वाक्य तिनं ठेवलं, फक्त खाली नेलं, आणि तिथं ते शोभलं.

तसंच पुराचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे पावसाळ्यात इथं पोरांनासुद्धा पाठ असतं. पण २०१९ आणि २०२१ च्या पुरात कुठलं सामान आधी माळ्यावर गेलं, जनावरं कुठं नेली, कुणी घर सोडायला नकार दिला, हे घरातल्या बायकांना विचारावं लागतं. ते विचारायला मुलांसारखं कुणी नाही. पत्रकाराला जे सांगणार नाहीत, ते नातवाला सांगतात.

ऐकलेलं मात्र पडताळायला लावा. सन-तारीख असेल तर जुनी वर्तमानपत्रं, वाचनालय. आमच्याकडं १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. तुमच्या गावातही काही ना काही असेलच. आणि घरचं कर्ज, आजारपण, भांडण लेखात येत असेल तर त्या माणसाला आधी वाचून दाखवायचं. तो नको म्हणाला तर ते काढायचं. यात मी तडजोड करत नाही, बक्षीस हुकलं तरी.

एक विनंती शिक्षकांना. बोलणाऱ्याच्या तोंडचं 'न्हवं' खोडून 'नव्हे' करू नका. आपण तपासताना तिथंच लेख मारतो.

मुदत महिनाभराची असेल तर पहिले दोन आठवडे मुलांना लिहायला बसवूच नका. नुसती टिपणवही हातात द्या, आणि रोज तासाला एकाची टिपणं मोठ्यानं वाचून वर्गाला त्यावर प्रश्न विचारू द्या.