मिरवायला की मागायला?

नागपुरातल्या मोहननगरच्या एका वाचकाने विचारलंय: "८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिवसाच्या सणाला, आमच्या गल्लीतून कॅथलिक मंडळी प्रार्थना म्हणत गेली. पुढे टोपलीत नवं पीक. मी वस्तीच्या पत्रकात 'पिकांना आशीर्वाद देण्याची मिरवणूक' असं लिहिलं. शेजारच्या आंटी म्हणाल्या, 'मिरवाले कायले निघतो आमी? मागाले निघतो.' मग शब्द कोणता वापरू?"

आंटींनी नकळत व्युत्पत्तीच सांगितली. पिकांसाठी प्रार्थना करत शेताशिवारातून फिरायच्या या जुन्या चालीला युरोपात 'रोगेशन' म्हणतात. मूळ लॅटिन क्रियापद रोगारे, म्हणजे मागणे, विनवणे. फ्रान्समधल्या व्हिएनचे बिशप मामेर्तुस यांनी इ.स. ४७०च्या सुमारास, संकटांनी गाव हैराण झालेलं असताना, उपास करून अशा फेऱ्या सुरू केल्या. उपाशीपोटी कोण मिरवतं?

दुसरी फेरी २५ एप्रिलची, आणि ती मला जास्त आवडते. त्याच तारखेला ख्रिस्ती होण्याआधीचे रोमन लोक रोबिगालिया नावाचा विधी करत आणि गव्हावर रोग पडू नये म्हणून कुत्र्याचा बळी देत. चर्चने कुत्रा सोडला, तारीख ठेवली. रोग कोणता? रोबिगो. लोखंडावरच्या गंजालाही लॅटिनमध्ये हाच शब्द. आपल्याकडे गव्हाच्या पानावर तांबूस पूड दिसली की शेतकरी म्हणतो, तांबेरा पडला. त्यांना गंज दिसला, आपल्याला तांबं. अर्थात नागपुरात २५ एप्रिलला गहू कोठीत गेलेला असतो आणि डोक्यावर ऊन असं की फेरी दूरच, गल्लीत कुत्रंही दिसत नाही. म्हणून इकडे सप्टेंबरच बरा. मंगळूरकडेही नव्या कणसांचा आशीर्वाद याच सणाला जोडलेला आहे, तर वसईच्या 'आगेरा' या सुगीच्या सणाला ऑक्टोबर उजाडतो.

आता 'मिरवणूक'. हा शब्द अगदीच टाकाऊ नाही. जुन्या मराठीत मिरवणे म्हणजे शोभणे, झळकणे. तोरा नंतर चिकटला. ज्याला मिरवायचं तो मधोमध असला की शब्द चपखल बसतो: गणपती, नवरदेव, नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारे काळी-पिवळी मारबतीचे पुतळे. (मारबतीत मागणंही आहेच म्हणा, 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत'. रोबिगालियाची ही लांबची बहीण शोभावी.) तेव्हा छत्राखाली पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर) किंवा खांद्यावर मरियेची मूर्ती असेल, तर खुशाल मिरवणूक लिहा. नुसती टोपली आणि प्रार्थना असेल, तर 'प्रार्थनाफेरी'. प्रभातफेरी आपल्या कानाला सरावाची आहे, तिच्याच वळणाचा शब्द. 'शोभायात्रा' मात्र नको. रामनवमीला पोद्दारेश्वर मंदिरातून निघते ती शोभायात्रा. तिथे रथ आहेत, देखावे आहेत, शोभा आहे. बोलताना आंटी 'प्रोसेशन'च म्हणत असतील. गोव्याकडच्या घरांतली जुनी माणसं पोर्तुगीजवरून आलेला 'पुर्शांव' म्हणतात. दोन्हींच्या मुळाशी नुसतं 'पुढे चालणं' आहे. मिरवणं नाही, मागणंही नाही.

'पिकांना आशीर्वाद देणे' हे मला जरा खटकतं. मराठीत आशीर्वाद मिळतो तो वाकणाऱ्याला. धान वाकतं, पण दाण्याच्या भाराने. शब्द मात्र उत्तम आहे. लॅटिन बेनेदिचेरे म्हणजे 'चांगलं बोलणं', आणि आशीर्वादातही 'वाद' म्हणजे बोलणंच. विभक्ती तेवढी बदला. फादर देवाकडे मागतात, म्हणून 'पिकांसाठी आशीर्वाद मागण्याची प्रार्थनाफेरी'. लांबलं खरं, पण पत्रकात मावेल.

आणि एक, तुम्ही विचारलं नाही तरी. सोबत पाठवलेल्या पत्रकात 'टोपलीत भाताच्या लोंब्या' असं छापलंय. वसईत चालेल. पण ही टोपली भंडाऱ्याकडच्या हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, धानाची असणार, आणि आपल्याकडे शेतात असतं ते धान. भात ताटात येतो, वरणासोबत.