वंशावळीत दोन पिढ्या गायब? आधी कागदाचा सन तपासा

तुमचा प्रश्न वाचला आणि बारा वर्षांपूर्वीची मीच डोळ्यांपुढे आले. पणजोबांपर्यंत फेरफार मिळाले, त्यामागचा एक मोडी कागदही हाती आहे, पण त्यातलं नाव आणि घरात सांगितलेली नावं यांची सांगड बसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सातबारा, गाव नमुना चौदा (जन्म-मृत्यूची गावनोंद) तुम्ही पाहिलेच असणार. मला एवढंच सांगा, कागदाचं इसवी साल कुणी काढलं?

माझं तिथेच चुकलं. सातारा भागातला पाटीलकी वतनाचा कागद. वरच्या ओळीत 'सु॥ खमस अशर मयातैन व अलफ'. खमस पाच, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार. झाले 1215. तो कागद जिथे पाहिला, त्या कार्यालयाच्या सूचीत त्यापुढे पेन्सिलीने 1805 लिहिलेलं होतं, आणि मी ते डोळे झाकून उतरवलं. कुणीतरी 590 मिळवले होते. ते मिळवायचे फसली सनात, म्हणजे महसुलाच्या जुन्या कालगणनेत. 'सु॥' म्हणजे शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांत आढळणारी दुसरी कालगणना, त्यात 599 मिळवतात. कागद 1814-15चा होता. (दोन्ही सन मृगाला सुरू होतात, म्हणून जानेवारी ते मेमधली तारीख असेल तर एक वर्ष आणखी वाढवा.)

फरक नऊच वर्षांचा. पण आमच्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, त्यामुळे 'अमुक बिन तमुक' (तमुकचा मुलगा अमुक) आजोबालाही लागू आणि नातवालाही. मी नातवाचा कागद आजोबाच्या नावावर लावला आणि मधल्या दोन पिढ्या गळाल्या. ती वंशावळ छापून यात्रेत भाऊबंदांना वाटली. पुढची तीन वर्षं त्याच चुकीवर इमले चढवत गेले.

मोडी जाणणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी कागद हातात घेतला, 'सु॥'वर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे वाचलंत का?" नंतर त्र्यंबकेश्वरला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत शके 1732ची, म्हणजे 1810ची नोंद सापडली. त्या आजोबाच्या मुलाने वडिलांचं श्राद्ध केलेलं. म्हणजे 1814 साली आजोबा हयातच नव्हता. त्या कार्यालयाला दोनदा लेखी कळवलं. सूचीत आजही 1805च आहे. 2023पासून कुणबी नोंदींसाठी किती लोक जुनी दप्तरं चाळताहेत! त्यांतलं कुणी तो आकडा पाहून आपली पिढी चुकवेल, या विचाराने अजून जीव तुटतो.

तेव्हा माझं स्पष्ट मत: सूचीतलं, भाषांतरातलं, छापील कुलवृत्तांतातलं साल मूळ ओळ पाहिल्याशिवाय घेऊ नका. फोटो काढाल तेव्हा पहिली आणि शेवटची ओळ पूर्ण येऊ द्या, रुमालाचा, म्हणजे कागद बांधलेल्या गठ्ठ्याचा, क्रमांकही. 'छ'पुढे मुसलमानी महिन्याची तारीख असते, ती जुन्या जंत्रीत (तारखा जुळवण्याच्या कोष्टकांच्या पुस्तकात) ताडून पाहा. आणि पहिल्याच पानावर चितोड गाठणाऱ्या, म्हणजे घराणं थेट चितोडच्या राजपुतांशी जोडणाऱ्या, कुलवृत्तांतांवर माझा काडीचा विश्वास नाही. कुणाला राग येईल, येऊ दे.

मी वकील नाही, इतिहासाची पदवीही नाही. दाखल्यासाठी किंवा जमिनीच्या वादासाठी हे वापरणार असाल तर जाणकार वकिलाला विचारा. आमच्या तालुक्यात आम्ही पाच-सहा जण रविवारी बसून लोकांचे मोडी कागद वाचून देतो, पैसे घेत नाही. तुमच्या कागदाची नुसती वरची ओळ इथे टाका. सन शुहूर की फसली, हे तेवढ्यावरून बहुतेक कळेल.